वर म्हणजे नक्की कुठे?

ऑन म्हणजे वर. ओव्हर म्हणजे वर. अबव्ह म्हणजे वर. आणि अपॉन म्हणजे इस्त्री केलेलं वर. मराठी माध्यमात शिकलेल्या पुष्कळ जणांच्या इंग्रजीच्या वहीत डावीकडे हे चार शब्द आणि उजवीकडे चार वेळा 'वर' असं लिहिलेलं असणार. माझ्याही वहीत होतं. त्यावरून वर्गातल्या हुशार मुलांनी (मी त्यात नव्हतो) काढलेला निष्कर्ष असा, की इंग्रजी श्रीमंत आणि मराठी गरीब. त्यांच्याकडे चार, आपल्याकडे एक.

मला हा निष्कर्ष पटत नाही. मराठीत या सगळ्या गोष्टी वेगवेगळ्या सांगायची सोय भरपूर आहे, फक्त ती 'वर' या शब्दात न सापडता त्याच्या आजूबाजूला सापडते. मात्र एक जागा अशी आहे की जिथे आपला 'वर' खरंच घसरतो, आणि आमच्या नाशकात दर काही वर्षांनी नेमकं त्याच जागी पाणी येतं. तिथवर जाऊच. आधी सोपं.

इंग्रजीतला ऑन हा मुळात टेकणारा शब्द आहे. वही टेबलाला टेकलेली असली की ऑन. दिवा टेबलाच्या डोक्यावर लोंबतोय, मधे हवा आहे, मग अबव्ह. ओव्हर म्हणजे वरून पलीकडे जाणं, नाहीतर वरून झाकणं. अबव्ह आणि ओव्हरच्या हद्दीवर खुद्द इंग्रजीतही बरीच ये-जा चालते, पण ऑन आणि अबव्हमध्ये सहसा गोंधळ होत नाही. टेकलं की नाही टेकलं, एवढाच प्रश्न.

आता मराठी बघा. 'टेबलावर वही आहे.' 'टेबलाच्या वर दिवा आहे.' आलं लक्षात? नुसता 'वर' चिकटला की वस्तू टेकली, मधे 'च्या' आला की हवा आली. आणि 'वरून' म्हटलं की ओव्हर: पुलावरून गेलो, टेबलावरून हात फिरवला. तीन कामं, तीन रूपं. आपण लहानपणापासून ती बिनचूक वापरतो, पण शब्दकोशात समोरासमोर 'वर' एवढंच छापलेलं दिसतं म्हणून आपल्याकडे ती नाहीतच असं वाटतं. नियम शंभर टक्के पाळला जात नाही हे कबूल. डोक्यावर टोपी असते आणि डोक्यावर पंखाही असतो. पण पंखा डोक्याला टेकलाय असं कोणी समजत नाही, तेवढी अक्कल ऐकणाऱ्याकडे असते.

सर्वनामांत तर गंमत आहे. 'आमच्या वर एक नवीन बिऱ्हाड आलंय' म्हणजे वरच्या मजल्यावर कोणीतरी राहायला आलं. 'आमच्यावर एक नवीन बिऱ्हाड आलंय' म्हणजे संकट कोसळलं. फरक एका स्पेसचा! पायथनमध्ये स्पेस चुकली की प्रोग्रॅम बोंबलतो म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी आपली मातृभाषा एकदा नीट बघावी :)

व्याकरणात 'वर' हे शब्दयोगी अव्यय. प्रिपोझिशन या नावातच 'आधी येणारं' असं सांगितलेलं आहे. आपलं मागून येतं, आणि येताना पुढच्या शब्दाला वाकवून येतं: डोंगर, डोंगरावर. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ मधलं, मोरो केशव दामल्यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा ग्रंथ १९११ मधला. हौस असेल त्याने ते उघडावेत. मी पुढे सरकतो, कारण मला जास्त मजा 'ला'मध्ये येते.

इंग्रजीत चित्र भिंतीवर ऑन, पालही भिंतीवर ऑन, फळ झाडावर ऑन, कावळाही झाडावर ऑन. आपल्याकडे तसं चालत नाही. पाल भिंतीवर असते, पण कॅलेंडर भिंतीला लावतात. कावळा झाडावर बसतो, पण आंबे झाडाला लागतात. पिशवी खुंटीला. जे आपल्या पायांनी येऊन बसलं आणि उठून जाऊ शकतं त्याला 'वर'. जे लटकवलेलं, जोडलेलं, उगवलेलं आहे त्याला 'ला'. ही फक्त मराठीची हुशारी नाही. मेलिसा बोवरमन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी वेगवेगळ्या भाषांतली अशी स्थानवाचक अव्ययं तपासली, त्यात डच भाषेचं उदाहरण प्रसिद्ध आहे. डचमध्ये कप टेबलावर 'ओप' असतो, चित्र भिंतीला 'आन' असतं आणि अंगठी बोटाभोवती 'ओम' असते. इंग्रज या तिघांनाही ऑन म्हणून मोकळा होतो. म्हणजे या बाबतीत डच माणूस आपल्याला जवळचा, इंग्रज लांबचा. श्रीमंत-गरिबाचा हिशेब इथे उलटा पडला की नाही?

(अंगठीच्या बाबतीत मात्र आपण डचांनाही हरवलंय. आपली अंगठी बोटात असते. वास्तविक बोट अंगठीत असतं. चप्पलही पायात. परदेशी माणसाला हे समजावून सांगायचा प्रयत्न करून बघा.)

ज्यांना हे पुस्तकी वाटतंय त्यांनी हिवाळ्यात निफाड किंवा दिंडोरीकडच्या एखाद्या द्राक्षबागेत चक्कर मारावी. वेलीला घड लागलेत. घडावर भुरी दिसतेय. भुरीवर फवारणी करायचीय. तीन वाक्यं, आणि बागायतदार एकदाही अडखळत नाही. घड वेलीचा म्हणून 'ला', रोग उपरा म्हणून 'वर'. तिसरा 'वर' तर जागेचा नाहीच, तो 'विरुद्ध' या अर्थाचा आहे. तापावर गोळी, खोकल्यावर काढा, भुरीवर गंधक. मेडिकलच्या दुकानात इंग्रजीत 'टॅब्लेट ऑन फीवर' मागणारा माणूस चुकत असेल, पण त्याचं मराठी शाबूत आहे.

तीच गोष्ट गाडीची. 'गाडीवर आलो' म्हणजे दुचाकी. 'गाडीत आलो' म्हणजे चारचाकी. 'गाडीवर खाल्लं' म्हणजे हातगाडीवर वडापाव खाल्ला. इंग्रजीत बसमध्ये बसलेला माणूस ऑन असतो आणि कारमध्ये बसलेला इन. का, ते सांगताना भलेभले घाम पुसतात. प्रत्येक भाषेचं असं एक तळघर असतं. असो.

आता नाशिकचा खास 'वर'. नाशिककर गोदावरीला गोदावरी फक्त निबंधात म्हणतो. एरवी ती गंगा. आणि तो 'गंगेवर' जातो. 'कुठे चाललास?' 'जरा गंगेवर जाऊन येतो.' बुधवारचा बाजार गंगेवर भरतो. लग्नाआधीच्या पोरापोरींना गप्पा मारायला गंगेवर जागा मिळते. पाण्याला पाय लागलेला नसतो, घाटाच्या पायरीवर बसलेले असतात, तरी गंगेवर. बाहेरगावहून आलेल्या माझ्या एका मित्राने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला वाटलं की नावेत बसायचंय.

इंग्रजीतही हे आहेच. लंडन थेम्सवर ऑन असतं, शेक्सपिअरचं गाव स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन. जर्मन लोक फ्रँकफुर्ट-आम-माइन म्हणतात. कोणाचंही गाव पाण्यावर तरंगत नाही. संस्कृत साहित्यशास्त्रात तर या एका वाक्यरचनेवर शतकानुशतकं काथ्याकूट झालेला आहे. गंगेत गवळ्यांची वस्ती आहे, असं म्हटलं तर वस्ती पाण्यात कशी असेल? म्हणून 'गंगा' या शब्दाचा अर्थ काठ असा घ्यायचा, याला लक्षणा म्हणतात. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त, म्हणजे अकराव्या शतकात, हे उदाहरण आहे. आणि पुढचा मुद्दा मला फार आवडतो: मग सरळ काठावर असं का नाही म्हणायचं? तर काठ म्हटलं की नुसती जागा कळते. गंगा म्हटलं की तिथला गारवा आणि पावित्र्यही सोबत येतं. नाशिककराने मम्मट वाचलेला नसतो, पण 'गंगेच्या काठावर जाऊन येतो' म्हणणारा माणूस नवखा आहे हे तो लगेच ओळखतो.

इथपर्यंत मराठी जोरात आहे. आता ती घसरणारी जागा.

आमच्या टीममध्ये मराठी येणारा मी एकटाच. त्यामुळे मराठी वाक्यांवरून नजर फिरवायचं काम आपसूक माझ्याकडे येतं. मध्यंतरी औषधांच्या फ्रिजवर लक्ष ठेवणाऱ्या एका सिस्टिमचे मेसेज आले होते. लसींसाठीचा फ्रिज साधारण २ ते ८ अंशांत ठेवतात. मूळ इंग्रजी मेसेज: तापमान ८ अंशांच्या अबव्ह आहे. भाषांतर: 'तापमान ८ अंशांवर आहे.'

वाचून बघा. ८ अंशांवर. मला तर वाचताना काटा नेमका ८ वर उभा दिसतो, आणि ८ वर असेल तर काळजी नाही, तेवढं चालतं. इंग्रजी मेसेज सांगत होता की मर्यादा गेली, औषधं उचला. मराठी मेसेज सांगत होता की सगळं काठावर पण ठीक आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर मुळात 'ग्रेटर दॅन' होतं, त्याचं 'ईक्वल टू' झालं. मेसेज बाहेर जायच्या आत आम्ही तो '८ अंशांच्या पुढे गेलं' असा करून घेतला, पण माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

मग मी पेपर वाचताना 'वर' मोजायला लागलो. 'शंभरावर घरांची पडझड' याचा अर्थ शंभरापेक्षा जास्त, यात शंका नाही. 'पारा ४० अंशांवर' याचा अर्थ बहुतेक वेळा पारा ४० ला पोचला. रूप तेच, अर्थ वेगळा! विचार केल्यावर मला कारण असं वाटतं, की घरं आपण मोजतो, आणि मोजण्यात 'वर' म्हणजे शंभर भरून वर उरलेली. हा अबव्ह. पारा मात्र पट्टीवर चढतो, आणि पट्टीवरच्या रेघेवर तो टेकतो, उभा राहतो. हा ऑन. म्हणजे 'वर'ने आपला टेकण्याचा जुना गुण सोडला नाही, आपणच त्याला दोन वेगळ्या जागी उभं केलं. घोळ होतो तो पट्टीच्या जागी: तापमान, शेअर बाजाराचा निर्देशांक, आणि नदीचं पाणी.

कायदा लिहिणारे लोक या बाबतीत शहाणे. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणणारी ६१ वी घटनादुरुस्ती १९८८ सालची. राज्यघटनेच्या ३२६ व्या अनुच्छेदात 'अबव्ह १८' असं काही नाही. ज्याचं वय १८ पेक्षा कमी नाही, अशी रचना आहे. दोन नकार एकमेकांवर घासून ईक्वलसकट सगळं बसवलंय. याउलट १ मे २०२१ पासून '१८ वर्षांवरील सर्वांना लस' हे आपण सगळ्यांनी ऐकलं. १८ पूर्ण झालेला मुलगा त्यात आहे की १९ व्याची वाट बघायची, हे त्या शब्दावरून कळत नव्हतं. सोबत '१८ वर्षे पूर्ण' असं लिहिलं तेव्हाच कळायचं. एसक्यूएलमध्ये ऑन आणि ओव्हर हे दोन्ही कीवर्ड आहेत, आणि एकाच्या जागी दुसरा लिहिला तर डेटाबेस तिथल्या तिथे एरर देतो. माणूस एरर देत नाही. तो आपल्या मनाने एक अर्थ घेतो आणि पुढे जातो.

पुराच्या बाबतीत हे परवडत नाही. गंगापूर धरण शहराच्या वरच्या अंगाला आहे. (हा आणखी एक 'वर': नदीच्या उगमाकडचा. 'वर त्र्यंबकला पाऊस लागलाय', 'वरून पाणी सोडलंय'.) सोडलेलं पाणी क्युसेकमध्ये सांगतात, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. नदीच्या पातळीच्या सरकारी भाषेत दोन रेघा असतात, इशारा पातळी आणि धोका पातळी. केंद्रीय जल आयोगाच्या व्याख्येत पूर 'गंभीर' कधी, तर पाणी धोका पातळीला टेकलं किंवा ती ओलांडून गेलं, पण आजवरच्या सर्वोच्च पातळीच्या खाली आहे. टेकलं किंवा ओलांडलं! दोन क्रियापदं, अव्ययावर भरवसा नाही. आणि मग हीच माहिती मेसेजमधून फिरत फिरत आपल्यापर्यंत येते तेव्हा तिचं झालेलं असतं: 'गोदावरी धोक्याच्या पातळीवर'. टेकली? ओलांडली? की अजून एक फूट बाकी आहे आणि लिहिणाऱ्याने जोर यावा म्हणून लिहिलंय?

जुन्या नाशिकने स्वतःची पट्टी केव्हाच तयार करून ठेवली आहे. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी मारुतीच्या पायाला लागलं, गुडघ्यापर्यंत आलं, कमरेला, छातीला, गळ्याशी, आणि शेवटी डोक्यावरून गेलं. त्याहून मोठा पूर सांगायचा तर नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं असं म्हणायचं. या सगळ्या मापात नुसता 'वर' एकदाही येत नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? लागलं, म्हणजे टेकलं. पर्यंत, म्हणजे तिथवर आणि पुढे नाही. शी, म्हणजे अगदी जवळ. वरून गेलं, म्हणजे ओलांडलं. १९६९ च्या महापुराच्या गोष्टी सांगणारी पिढी याच भाषेत सांगते. सप्टेंबर २००८ ला आणि ऑगस्ट २०१६ ला सराफ बाजारात पाणी शिरलं तेव्हाही फोनवर हेच चाललेलं. यात काव्य वगैरे काही नाही. भांडी बाजारातल्या किंवा सराफातल्या दुकानदाराला आकडा मीटरमध्ये सांगून उपयोग नसतो. त्याला आपली पायरी मारुतीच्या कुठल्या अवयवाशी जुळते ते पाठ असतं. मारुती अमुक ठिकाणी भिजला की आपलं शटर भिजणार, एवढा सरळ हिशेब.

४ ऑगस्ट २०१९, रविवार. मी घरी, आणि मोबाइलवर तोच मेसेज तीन ग्रुपवर आलेला: धोक्याच्या पातळीवर. माझ्या मामांचं त्या भागात दुकान आहे. फोन लावला.

"मामा, मेसेज आलाय, पाणी धोक्याच्या पातळीवर आहे म्हणे. तुम्ही कुठे आहात?"

"दुकानातच आहे. पातळीचं मला काय सांगतोस. पोरगा आत्ता बघून आलाय."

"मग कुठवर आलंय?"

"मघाशी छातीला होतं. आता गळ्याशी आलंय."

"वरून अजून सोडणार आहेत का?"

"सोडतील नाहीतर न सोडतील. गळ्याशी आलं म्हणजे डोक्यावरून जायला वेळ नाही लागत. ठेव फोन, खालचा माल पोटमाळ्यावर टाकायचाय."